शांतिब्रह्म, बी-विंग, तिसरा मजला

मनःशांतीच्या मागे लागलेला माणूस ओळखायचा असेल तर त्याच्या चेहऱ्याकडे बघू नये, त्याच्या घरच्यांच्या चेहऱ्यांकडे बघावं. तो स्वतः डोळे मिटून बसलेला असतो, त्यामुळे त्याच्या चेहऱ्यावरून तसाही फारसा बोध होत नाही. पण बायको डाव पातेल्याला लागू न देता आमटी ढवळते आहे, मुलगा नळ थेंब थेंब सोडून दात घासतो आहे आणि म्हातारी आई तोंडावर पदर धरून बाल्कनीत जाऊन खोकून येते आहे, असं दृश्य दिसलं की खुशाल समजावं, या घरात कुणीतरी तणावमुक्त होतंय.

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत असे एक गृहस्थ आहेत. सगळे त्यांना शांतिब्रह्म म्हणतात. ही पदवी खरं तर पैठणच्या एकनाथ महाराजांची. नदीवरून अंघोळ करून येताना एक जण अंगावर थुंकला, नाथ पुन्हा गोदावरीत बुडी मारून आले, तो पुन्हा थुंकला, असं एकशे आठ वेळा झालं आणि नाथांच्या कपाळाला आठी पडली नाही, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. आमच्या शांतिब्रह्मांचं तसं नाही. चौथ्या मजल्यावर कुणी लिफ्टचं दार जरा जास्त वेळ धरून ठेवलं की तिसऱ्या मजल्यावरून आवाज येतो, "कोण आहे रे तो गाढव?" आणि लगेच खालच्या पट्टीत, "श्वास आत... श्वास बाहेर..."

तसा माणूस वाईट नाही. अडीअडचणीला धावून येतो, गणपतीची वर्गणी पहिल्या दिवशी देतो. नोकरी फोर्टातल्या एका बँकेत आणि तीही थकीत कर्जांच्या वसुलीत. म्हणजे दिवसभर लोकांना फोन करायचा आणि लोकांनी तो उचलायचा नाही. कोणाचंही डोकं फिरेल. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजला तो १५० आणि ९६ भरला. डॉक्टर म्हणाले, "मीठ कमी करा, रोज चाला, आणि थोडा वेळ शांत बसत जा. ध्यान करा, हलकं संगीत ऐका." या सल्ल्यातल्या पहिल्या दोन गोष्टींसाठी बाजारातून काहीच आणावं लागत नाही, त्यामुळे त्या मागे पडल्या. तिसरीसाठी मात्र महिनाभर पार्सलं येत होती. ध्यानाला बसायची गोल गादी, लॅव्हेंडरचा वास सोडणारं यंत्र, बाहेरचा आवाज आत येऊ न देणारे हेडफोन, नाडीचे ठोके मोजणारं घड्याळ, आणि लाकडी दांड्याने कडेवरून घासली की घुमणारी तिबेटी वाटी. ती वाटी पाहून आईंनी विचारलं होतं, "आमटीला जरा मोठीच नाही का रे?"

शिवाय मोबाइलवर ध्यानाचं ॲप, वार्षिक वर्गणीचं. त्यात एक बाई अत्यंत मऊ इंग्रजीत सांगते की विचार येतील, त्यांना येऊ द्या. जातील, त्यांना जाऊ द्या. पहिल्या आठवड्यात आईंनी सुनेला बाजूला घेऊन विचारलं, "ही कोण बाई रोज पहाटे आपल्याकडे येते?"

"ह्यांची शिकवणी घेते."

"मग चहा तरी विचार तिला."

त्या बाईचा सगळा भर सावकाशीवर. दोन वाक्यांच्या मध्ये ती इतकी थांबते की माणसाला वाटावं, रेंज गेली. शांतिब्रह्मांना सकाळची फास्ट गाठायची असते. त्यांनी ॲपमध्ये शोधून वेग सव्वापट केला. आता वीस मिनिटांचं ध्यान सोळा मिनिटांत होतं. ती बाई भराभर सांगते, घाई करू नका, आणि हे भराभर ऐकतात. "रोजची चार मिनिटं वाचतात," हे त्यांनी मला जिन्यात थांबवून सांगितलं. वाचलेल्या चार मिनिटांत ते पेपर वाचतात. पेपर वाचून जे काही होतं त्याच्यासाठी संध्याकाळी दुसरी बैठक ठेवलेली आहे.

या ॲपची आणखी एक मेख आहे. रोज न चुकता बसलात तर ते दिवस मोजत जातं. एक दिवस हुकला की आकडा पुन्हा शून्यावर. वसुलीतल्या माणसाला हे फार लागतं. खाडा म्हणजे थकबाकी. पुतण्याच्या लग्नात रात्री पावणेबाराला वरातीतून शांतिब्रह्म नाहीसे झाले. शोधाशोध झाली. मुलीकडच्यांना वाटलं, मानपानावरून रुसले. शेवटी कार्यालयाच्या कोठीघरात, बटाट्यांच्या पोत्यावर मांडी घालून बसलेले सापडले. "बारा वाजायच्या आत करायलाच हवं होतं," ते म्हणाले. तो आकडा वाचला. विहीणबाई मात्र अजून विचारतात, "ह्यांना नक्की काय होतं?"

घरचे नियम पुढीलप्रमाणे. सकाळी त्यांची बैठक आटपेपर्यंत कुकर लावायचा नाही. वहिनींचा डबा त्याआधी तयार व्हायचा, म्हणून वहिनी साडेचारला उठतात. कामाच्या मावशींनी भांडी घासताना एकावर एक ठेवायची नाहीत, ओट्यावर टॉवेल पसरून मांडायची. मावशींनी यासाठी दोनशे रुपये वाढवून घेतले आणि वर सांगितलं, "तुमच्या सायबांचं ध्यान माझ्या कमरेला पडतंय." मुलाने मोबाइल नुसता थरथरता ठेवायचा नाही, कारण थरथर लादीतून गादीपर्यंत जाते. दूधवाल्याने बेल वाजवायची नाही. तो बेल वाजवत नाही, दार ठोठावतो.

नियम न पाळणारे एकच: कबुतरं. बेडरूमच्या एसीच्या मागे त्यांचा संसार आहे आणि पहाटेचा घुमण्याचा कार्यक्रम ऐन ध्यानात असतो. जाळी लावून झाली, जुन्या सीडी टांगून झाल्या. एकदा वहिनींनी खोलीत डोकावून पाहिलं तर हे पद्मासनात, डोळे मिटलेले, आणि हातात चप्पल.

आता संगीताकडे वळतो. खरी मौज तिथे आहे.

गेल्या जुलैत एका रविवारी मी त्यांच्याकडे गेलो होतो. बाहेर धो धो पाऊस. समोरच्या गॅरेजच्या पत्र्यावर तो असा वाजत होता की बोलणं ऐकू येईना. शांतिब्रह्म उठले, सगळ्या खिडक्या लावून घेतल्या, फटीत टॉवेल कोंबला, दिवा मालवला आणि स्पीकरवर पाऊस लावला. कुठल्याशा विषुववृत्तीय जंगलातला, सलग दहा तासांचा. मी म्हटलं, "अहो, बाहेर पडतोय की."

"तो नको," ते म्हणाले. "त्याचा भरवसा नाही. मध्येच थांबतो."

त्यांना संतूर चालत नाही. कारण विचारलं तर त्यांच्या दातांच्या डॉक्टरांकडे वर्षानुवर्षं एकच संतूर वाजते, आणि आता कुठेही तो नाद कानावर पडला की त्यांची जबड्याची उजवी बाजू आखडते. हे ऐकून मला वाईट वाटलं. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा या तिघांची 'कॉल ऑफ द व्हॅली' १९६७ साली आली. काश्मिरातल्या एका मेंढपाळाचा सकाळपासून रात्रीपर्यंतचा दिवस त्यात रागांच्या वेळा धरून मांडलेला आहे, आणि आपल्याकडे कितीतरी घरांत पहिल्यांदा शास्त्रीय संगीत शिरलं ते त्या तबकडीच्या नाहीतर कॅसेटच्या हाताला धरून. तो मेंढपाळ शेवटी रूट कॅनालच्या खुर्चीशेजारी येऊन बसेल असं त्या तिघांच्या स्वप्नातही आलं नसेल.

मग कुणीतरी सांगितलं, रात्री दरबारी ऐका. मी माझ्याकडचं उस्ताद अमीर खाँसाहेबांचं ध्वनिमुद्रण दिलं. खाँसाहेबांचा झुमरा म्हणजे अतिविलंबित. चौदा मात्रांचं एक आवर्तन संपता संपत नाही, आणि ते संपू नये असंच ऐकणाऱ्याला वाटतं. आठवड्याने विचारलं, कसं वाटलं? "चांगलं आहे, पण फार टेन्शन येतं हो. सम कधी येणार, कधी येणार, असं सारखं होतं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "दीडपट वेगाने मात्र छान लागतं." खाँसाहेब १९७४ साली गेले, हे एका परीने बरं झालं.

त्यानंतर ४३२ चं प्रकरण आलं. इंटरनेटवर कुणीतरी ठासून सांगितलेलं असतं की विश्वाचा मूळ सूर ४३२ हर्ट्झचा आहे, आणि जगाने तो ४४० करून माणसाची शांतता घालवली. ४४० हा आकडा पाश्चात्त्य वाद्यवृंदांनी आपापसांत सूर जुळवण्यासाठी ठरवलेला. १९५५ साली त्याला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. आपल्याकडे षड्ज गाणाऱ्याच्या गळ्यावर ठरतो. कुणाची काळी एक, कुणाची पांढरी पाच. तंबोरा त्याप्रमाणे लावून घ्यायचा आणि गायला बसायचं. हे मी समजावून सांगितलं. त्यांनी ते डोळे मिटून ऐकलं. दुसऱ्या दिवशी ए-विंगमधल्या पेटीच्या मास्तरांना घरी बोलावून दारावरची बेल नेमकी कोणत्या स्वरात वाजते ते तपासून घेतलं. मास्तर दहा वेळा बेल दाबून म्हणाले, "बेसूर आहे, पण घराला शोभते." आता त्या दोघांचं बोलणं नाही.

एका गोष्टीसाठी मात्र शांतिब्रह्मांना मानायला हवं. ते वाचतात. इटलीतल्या पाव्हिया विद्यापीठातल्या लुचानो बेर्नार्दी या संशोधकाचं काम त्यांनीच मला दाखवलं. या डॉक्टरांनी २००१ साली एक मजेशीर गोष्ट मांडली: लॅटिनमधून जपमाळेची प्रार्थना म्हणणारे लोक आणि 'ॐ मणि पद्मे हुं' म्हणणारे लोक, दोघांचाही श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येतो. एरवी आपण बसल्याजागी त्याच्या दुप्पट किंवा जास्त वेळा श्वास घेतो. श्वास सोडताना नाडी थोडी मंदावते, घेताना वाढते. श्वास लांबला की हृदय आणि रक्तदाब यांची लय एकमेकांशी जुळते. म्हणजे यात काहीतरी आहे, नक्कीच आहे. शांतिब्रह्मांनी हे सगळं मराठीत करून आईंना वाचून दाखवलं. आई साठ वर्षं हरिपाठ म्हणताहेत, आणि अठ्ठावीस अभंग संपायच्या आत बसल्या बसल्या डुलकी काढतात. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग ते पैसे पाठवणार आहेत का?"

याच बेर्नार्दींचा २००६ सालचा दुसरा प्रयोग माझ्या विशेष आवडीचा. लोकांना रागसंगीतापासून टेक्नोपर्यंत तऱ्हेतऱ्हेचं संगीत ऐकवलं. जलद संगीताने श्वास आणि रक्तदाब वाढला, हे अपेक्षितच होतं. पण मध्ये दोन मिनिटं संगीत बंद ठेवलं होतं, त्या रिकाम्या वेळात नाडी आणि रक्तदाब सगळ्यात खाली आले. प्रयोग सुरू होण्याआधी होते त्याच्याही खाली. अशी बातमी वाचून आपण काय करू? गाणं झाल्यावर जरा वेळ गप्प बसू. शांतिब्रह्मांनी निष्कर्ष असा काढला की गुण विरामात आहे, तेव्हा गाणं लवकर संपवायला हवं. ते आता गाणं लावतात, बोटाने सरकवत शेवटाला नेतात आणि पुढचं सुरू होण्याच्या आतली शांतता ऐकतात. ती शांतता तीन सेकंदांची असते. रात्री तास-दीड तास हा उद्योग चालतो.

यात दोष औषधाचा नाही. हार्वर्डच्या हर्बर्ट बेन्सन या डॉक्टरांनी ध्यान करणाऱ्यांचा श्वास, रक्तदाब, प्राणवायूचा खप मोजून १९७५ साली 'द रिलॅक्सेशन रिस्पॉन्स' हे पुस्तक लिहिलं. त्यात कृती अगदी सोपी आहे. शांत जागी बसा, एखादा शब्द मनात घोळवा, दुसरे विचार आले तर परत त्या शब्दावर या. आणि मुख्य अट अशी की आपल्याला हे जमतंय की नाही, याची चिंता करायची नाही. शांतिब्रह्मांच्या प्रतीत नेमकी ही अट लाल पेनने, पट्टी धरून, दोनदा अधोरेखित केलेली आहे. समासात प्रश्नचिन्ह आहे आणि खाली लिहिलंय: 'हे मला जमत नाही. जास्त प्रयत्न करणे.'

मनगटावरचं घड्याळ या प्रयत्नांना हातभार लावतं. ठोके वाढले की ते थरथरतं आणि पडद्यावर सूचना येते की आपण तणावात दिसता. ही सूचना वाचून ठोके आणखी वाढतात, मग ते पुन्हा थरथरतं. एकदा हे इतकं वाढलं की त्यांनी घड्याळ काढून आईंच्या मनगटाला बांधलं. सासू-सुनेची मालिका ऐन भरात होती, खलनायिकेने दुधात काहीतरी मिसळलेलं होतं. आईंचे ठोके बासष्ट.

लोकलमधला किस्सा त्यांनी स्वतः सांगितला नाही, त्यांच्या डब्यातल्या एकाने सांगितला. श्वासाची एक पद्धत आहे: चार मोजत आत घ्यायचा, सात मोजत रोखायचा आणि आठ मोजत तोंडाने फुंकर घालत सोडायचा. डॉक्टर अँड्र्यू वाइल यांनी ती अमेरिकेत लोकप्रिय केली. अमेरिकेत माणसामाणसांत अंतर असतं. आपल्याकडे सकाळच्या डोंबिवली फास्टमध्ये एक हात वरच्या कडीला, दुसरा बॅगेखाली आणि नाक पुढच्या माणसाच्या कॉलरवर. शांतिब्रह्मांनी चार मोजले, सात रोखले आणि आठ मोजत जी दीर्घ फुंकर सोडली ती पुढच्या माणसाच्या मानेवर. त्याने एकदा मान हलवली. दुसऱ्या खेपेला खांदा उडवला. तिसऱ्या खेपेला मोठ्या कष्टाने चेहरा मागे वळवून विचारलं, "काका, काय प्रॉब्लेम काय आहे तुमचा?" ह्यांचा तेव्हा श्वास रोखायचा टप्पा चालू होता, त्यामुळे उत्तर देता आलं नाही. त्यावरून जे पेटलं ते घाटकोपरपर्यंत चाललं.

त्याच गाडीत पुढे एका डब्यात भजनी मंडळ असतं. टाळ, ढोलकी, खिडकीला हार, आणि रोजचे ठरलेले अभंग. उभं राहायला जागा नाही पण झांज वाजवायला कोपर कसं काढायचं हे त्यांना बरोबर साधतं. शांतिब्रह्मांनी या मंडळींच्या गोंगाटाला कंटाळून फर्स्ट क्लासचा पास काढला. मी अधूनमधून त्या डब्यात चढतो. ही माणसंही थकबाकीतली, ऑडिटमधली, गोदामातली आहेत, त्यांनाही साहेब आहेत आणि त्यांचंही कर्ज फिटलेलं नाही. पण घाटकोपरच्या आसपास आवाज चढलेला असताना त्यांच्यातल्या एकाच्याही मनगटावर घड्याळ थरथरताना मी पाहिलं नाही. त्यांना ध्यान आवडतं का, असं विचारायची मला हिंमत झाली नाही. ते मला टाळ देतील अशी भीती वाटली.

सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत शांतिब्रह्मांनी ध्वनिप्रदूषणाचा विषय काढला. २००० सालच्या नियमांचा कागदच आणला होता: निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. दुसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्ण्यांकडचा मिक्सर, ए-विंगमधली पेटी, वरच्या मजल्यावरच्या मुलांचं उड्या मारणं, सगळ्यांची नोंद वेळेसकट. खालच्या मजल्यावरचे निवृत्त ओव्हरसियर हे ऐकत होते. ते म्हणाले, "मीही मोजलंय." त्यांनी मोबाइल काढून आदल्या रविवारचं सकाळचं ध्वनिमुद्रण लावलं. प्रथम तिबेटी वाटी घुमली. मग कबुतर. मग कुकरची एक शिट्टी, चुकून झालेली. आणि मग त्या सगळ्यांच्या वर, संपूर्ण सभागृह हादरवत, शांतिब्रह्मांची आरोळी: "शांतता म्हणजे काय कळतं का या घरात कुणाला?" काटा सर्वांत वर तिथेच गेला होता. विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाला.

या अपमानानंतर त्यांनी इगतपुरीला जायचं ठरवलं.

तिथल्या धम्मगिरीत १९७६ पासून विपश्यनेची शिबिरं चालतात. सत्यनारायण गोएंका यांची ही परंपरा. मूळचे मंडालेचे व्यापारी, अर्धशिशीने हैराण झालेले, डॉक्टरांकडून गुण येईना. ब्रह्मदेशात ते ऊ बा खिन यांच्याकडे गेले तर त्यांनी आधी नकारच दिला: नुसती डोकेदुखी घालवायला येणार असाल तर येऊ नका. हे ऊ बा खिन ब्रह्मदेशाचे अकाउंटंट जनरल होते. आमच्या शांतिब्रह्मांना ही माहिती फार भावली. "अकाउंट्सचाच माणूस," ते अभिमानाने म्हणाले आणि येण्याचं कारण म्हणून अर्जात रक्तदाब लिहिला.

दहा दिवस. पहाटे चारला घंटा, रात्री साडेनऊला दिवे बंद. मोबाइल जमा, घड्याळ घरी, हेडफोन घरी. वाचायचं नाही, लिहायचं नाही, संगीत नाही, आणि मौन असं की बोलणं तर नाहीच, खाणाखुणाही नाहीत. पहिले तीन दिवस नुसता येणारा-जाणारा श्वास बघायचा, चौथ्या दिवशी विपश्यना देतात. माझी खात्री होती की दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने परत येतील. आले नाहीत. हे त्यांच्या बाजूने नोंदवलं पाहिजे. पूर्ण दहा दिवस ते बसले. आल्यावर सांगितलेल्या वृत्तान्तात मात्र श्वासाबद्दल फारसं नव्हतं. त्यांच्या मागच्या गादीवर उल्हासनगरचा एक व्यापारी बसायचा आणि तो ढेकर द्यायचा. पहिल्या दिवशी चार, दुसऱ्या दिवशी नऊ. मोजायचं नाही, समतेने बघायचं, असं शिकवलेलं असूनही ह्यांच्याकडून मोजलं जायचं. बोलता येत नाही, वळून बघता येत नाही. आठव्या दिवशी त्यांनी मनातल्या मनात त्या माणसावर वसुलीचा दावा लावून जप्तीपर्यंत नेला. दहाव्या दिवशी मौन सुटलं तेव्हा तावातावाने त्याच्याकडे गेले, तर त्यानेच हात धरून विचारलं, "तुम्हीच ना ते, जोरजोरात उसासे टाकणारे?"

हे झालं इगतपुरीचं. डोंबिवलीत त्या दहा दिवसांत जे घडलं ते मी भिंतीपलीकडून ऐकलं. पहिल्या सकाळी कुकरची एक शिट्टी झाली आणि मग सगळं थांबलं, सवयीने. मग दुसरी झाली. मग, मला वाटतं, वहिनींनी मुद्दाम तिसरी होऊ दिली. दुपारी मावशी भांडी आपटत होत्या आणि गात होत्या. आईंनी मालिकेचा आवाज वाढवला, मुलाचे मित्र आले, रात्री अकराला त्या घरातून हसण्याचे आवाज येत होते. वहिनी सकाळी सहाला उठल्या. एक दिवस तर साडेसहाला. कबुतरांनाही बहुधा जाणवलं असावं. त्यांनी नवीन अंडी घातली.

बाराव्या दिवशी वहिनी डॉक्टरांकडे गेल्या. त्यांचाही रक्तदाब वर्षभर वाढलेला होता, हे आम्हाला तेव्हा कळलं. डॉक्टरांनी पट्टा बांधला, मोजला, पुन्हा मोजला. इतका छान आकडा कशाने आला म्हणून विचारलं.

"इगतपुरी," वहिनी म्हणाल्या.

"अरे वा. तुम्ही जाऊन आलात?"

"मी नाही. हे."

तेव्हापासून त्या घरात विपश्यनेबद्दल सर्वांत जास्त आदर वहिनींना आहे. शांतिब्रह्म आता मंगल मैत्रीचा सराव करतात, म्हणजे सकल प्राणिमात्रांचं भलं चिंततात, कबुतरं वगळून; ॲपवाल्या बाईचा वेग दीडपट झाला आहे आणि कुकरचे नियम पुन्हा लागू आहेत. वहिनींनी मात्र माहितीपत्रक पाठ केलंय. वीस दिवसांचं शिबिर असतं, तीस दिवसांचंही असतं, पंचेचाळीस आणि साठ दिवसांचीसुद्धा असतात, हे त्या मला जिन्यात सांगत होत्या तेव्हा त्यांचे डोळे चमकत होते. पण ती फक्त जुन्या साधकांना. त्याआधी दहा दिवसांची बरीच शिबिरं व्हावी लागतात, सतिपट्ठानाचं शिबिर व्हावं लागतं, रोजची नियमित साधना वर्षानुवर्षं चालू असावी लागते. वहिनी थांबायला तयार आहेत.

त्यांच्या मनात तिथे भरघोस देणगी द्यायचं आहे, घरखर्चातून वेगळे काढून पैसे ठेवलेही आहेत. शिबिराला फी नसते, सगळं दानावर चालतं. पण नियम असा आहे की दान फक्त ज्याने स्वतः निदान एक शिबिर पूर्ण केलंय त्याच्याकडूनच घेतात.